छोटा समूह, पॅरिश कौन्सिल की वित्त समिती? धर्मग्रामात नेमकं कुठे काम करावं

रविवारच्या मिस्सेनंतर (कॅथोलिक चर्चमधल्या सामुदायिक उपासनेनंतर) धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या पॅरिशमध्ये, सूचना होतात: नव्या पॅरिश कौन्सिलसाठी (धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळासाठी) नावं द्या, वित्त समितीत दोन जागा रिकाम्या आहेत, अमुक आळीच्या छोट्या समूहाला (शेजारच्या घरांच्या प्रार्थनागटाला) अ‍ॅनिमेटर, म्हणजे बैठक चालवणारा, हवा. वसई असो, मुंबई, पुणे वा नाशिक, नोकरी-संसार सांभाळून आठवड्याचे दोन-तीन तास देऊ शकणारा प्रापंचिक इथे अडखळतो. तिन्ही कामं सेवेचीच, पण त्यांत लागणारे गुण वेगळे आहेत आणि चुकीच्या जागी गेलेला चांगला माणूस वर्षभरात कंटाळून घरी बसतो.

आधी अधिकाराचं पाहू, कारण बहुतेक नाराजी त्यावरून होते. १९८३ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, वित्त समिती (कलम ५३७) प्रत्येक धर्मग्रामाला सक्तीची आहे. पॅरिश कौन्सिल (कलम ५३६) मात्र बिशपांनी, धर्मगुरूंच्या परिषदेचं मत घेऊन, ठरवलं तर. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोमच्या सिनडने (चर्चच्या जागतिक धर्मसभेने) अशा परिषदा सक्तीच्या कराव्यात असा आग्रह धरला आहे. कौन्सिलचे अध्यक्ष प्रमुख धर्मगुरू असतात आणि कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतं असतं. मतदान जिंकून फादरांना बांधून घ्यायच्या हिशेबाने कुणी येत असेल तर त्याने येऊ नये. छोट्या समूहाला असा कायदेशीर अधिकार जवळपास काहीच नाही, आणि तरी घराघरांत पोहोचणारं काम तिथेच होतं.

पॅरिश कौन्सिल

बैठक महिन्या-दोन महिन्यांनी, त्यामुळे वेळ कमी लागतो असं वाटतं. खरं काम दोन बैठकांच्या मधलं असतं. कौन्सिल सहसा बिघडतं ते फेस्तामुळे (चर्चच्या वार्षिक सणामुळे). मंडप, रोषणाई, बँड, जेवणाची कुपनं यांवर दीड तास जातो. धर्मशिक्षणाला न येणारी मुलं, विवाहपूर्व मार्गदर्शन, अंथरुणाला खिळलेले आजारी हे विषय शेवटच्या दहा मिनिटांत उरकले जातात. उपाय साधा आहे: फेस्ताची समिती वेगळी करा आणि तिचा फक्त अहवाल कौन्सिलपुढे आणा. विषयपत्रिका आठवडाभर आधी पाठवा. इतिवृत्तात प्रत्येक निर्णयापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख लिहा. ‘सर्वांनी प्रयत्न करावा’ असं लिहिलं की ते काम कुणाचंच राहत नाही.

सल्ला फक्त सल्ला असला तरी त्याची किंमत कमी नाही. काही वर्षांनी फादरांची बदली होते. धर्मग्रामाची आठवण इतिवृत्ताच्या वहीत राहते. सल्ला मानला गेला नाही तर वाद वाढवण्यापेक्षा कारण नोंदवून घ्यावं.

इथे हवा ऐकणारा माणूस. पाच घरांशीही बोलणं नसलेला सदस्य स्वतःचंच मत लोकांचं म्हणून मांडतो.

वित्त समिती

इथे भक्तीइतकीच हिशेबाची सवय लागते. निवृत्त बँक कर्मचारी, अकाउंटंट, बांधकामाची बिलं वाचता येणारा इंजिनियर, सहकारी सोसायटीचे ताळेबंद हाताळलेली गृहिणी, यांपैकी कुणीही चालेल. स्त्री-पुरुष अशी अट कायद्यात नाही, तरी पैशाच्या टेबलाभोवती पुरुषच दिसतात. हे बदलायला हवं.

रविवारचं दान त्याच दिवशी, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या किमान दोघांनी मोजावं. नोटांच्या प्रकारानुसार आकडे लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि बँक उघडताच भरणा करावा. पूरग्रस्तांसाठी आलेला पैसा छपराला वापरता येत नाही. विशिष्ट कारणासाठी दिलेलं दान त्याच कारणासाठी वापरायचं, असं कलम १२६७ सांगतं. तरी बहुतेक गोंधळ इथेच होतो, कारण सगळं एकाच खात्यात पडतं. म्हणून खतावणीत प्रत्येक निधीचं पान वेगळं ठेवा.

दुसरा खड्डा नात्यागोत्याचा. कलम १२९८ नुसार चर्चची मालमत्ता, अगदी किरकोळ बाब सोडली तर, कारभाऱ्यांना किंवा चौथ्या पिढीअंशापर्यंतच्या त्यांच्या नातलगांना लेखी परवानगीशिवाय विकता वा भाड्याने देता येत नाही. त्या मोजणीत सख्खे चुलत, मामे, आते, मावस भाऊबहीण येतात, आणि सासरचे त्याच पायरीचे नातेवाईकही. ठेकेदार निवडतानाही हीच शिस्त पाळावी. गावात सगळेच एकमेकांचे लागतात, म्हणून तीन बंद दरपत्रकं मागवणं आणि नातं असलेल्याने त्या चर्चेपुरतं बाहेर बसणं बरं.

महाराष्ट्रात याला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० याचीही जोड आहे. ट्रस्टची शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त, किंवा बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायची, किंवा कोणतीही स्थावर मालमत्ता विकायची, तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. चर्चकडूनही वेगळी परवानगी लागू शकते. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं नाही. समितीत गेल्याने कुणी आपोआप विश्वस्त होत नाही, हेही लक्षात ठेवावं. लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांपुढे ठेवायचा असतो (कॅनन कायदा, कलम १२८७). तो सूचनाफलकावर लावला की निम्मी कुजबुज थांबते.

छोटा ख्रिस्ती समूह

एका आळीतली वीस-पंचवीस घरं, पाळीपाळीने एकेका घरी बैठक. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची शुभवर्तमान वाटून घेण्याची सात पावलं बऱ्याच ठिकाणी वापरतात: प्रभूला आमंत्रण, उताऱ्याचं वाचन, मनाला भिडलेले शब्द थांबत थांबत पुन्हा म्हणणं, काही मिनिटं शांतता, जे उमगलं ते सांगणं, आळीत काय करायचं ते ठरवणं, उत्स्फूर्त प्रार्थना. पाचव्या पावलावर कुणीतरी प्रवचन सुरू करतो. तिथे ‘तुम्हाला काय वाटलं तेवढंच सांगा’ असं अ‍ॅनिमेटरने सौम्यपणे म्हणावं लागतं. आणखी महाग पडते ती सहाव्या पावलाची गळती. जपमाळ, चहा, निरोप. आणि कोपऱ्यावरच्या एकट्या आजीला दवाखान्यात कोण नेणार हे ठरतच नाही. म्हणून दर बैठकीला एकच काम, एकच नाव.

वेळ इथेच सर्वात जास्त जातो. मयताच्या घरी रात्री जावं लागतं, भांडलेल्या दोन कुटुंबांकडे स्वतंत्रपणे बसावं लागतं. मान मात्र फारसा मिळत नाही.

वाचक (मिस्सेत बायबल वाचणारे) किंवा ख्रिस्तशरीर वाटपाचे असाधारण सेवक (पवित्र भाकर वाटणारे प्रापंचिक) ही कामं वेगळी, ती नेतृत्वापेक्षा उपासनेची. जानेवारी २०२१ पासून वाचक आणि वेदीसेवक (वेदीपाशी मदत करणारा) हे अधिकृत सेवापद स्त्रियांनाही खुलं आहे. ज्याला बैठका सोसत नाहीत त्याने तिकडे पाहावं.

उरलेल्यांना आमचा सल्ला: आधी दोन-तीन वर्षं समूहात घालवा, मग कौन्सिलमध्ये या. वित्त समितीला हा क्रम लागू नाही. हिशेब येत असेल तर थेट जा. होकार देण्याआधी फादरांकडे कौन्सिलची मागच्या वर्षाची इतिवृत्तं, वित्त समितीचा शेवटचा सहीचा हिशेब, किंवा समूहातल्या घरांची यादी मागा. कागद मिळाले तर काम कुठून सुरू करायचं ते कळेल. मिळाले नाहीत तर ते तयार करणं हेच तुमचं पहिलं काम.