आरोग्य-पर्यावरण शालेय संच: एका वर्षाच्या वापरानंतर

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेने गेल्या जूनमध्ये सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी लोकवर्गणीतून आरोग्य व पर्यावरण शिक्षणाचा एक संच खरेदी केला. पाणी तपासणीचे साहित्य, कार्यपुस्तिका, आहाराचे तक्ते आणि शिक्षक-मार्गदर्शिका असे त्याचे स्वरूप आहे. पुरवठादाराचे नाव येथे देत नाही. वर्षभर वर्गात वापरून जे दिसले तेवढेच लिहितो.

संचातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एच-टू-एस बाटल्या, म्हणजे जंतूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूवरून दूषित पाणी ओळखण्याच्या बाटल्या. खुणेपर्यंत पाणी भरून बाटली 24 ते 48 तास उबेत ठेवायची. पाणी काळे पडले तर त्यात मैलाजन्य जंतू असण्याची दाट शक्यता असते. डिसेंबरातील गारठ्यामुळे सातवीच्या मुलींनी बाटल्या घोंगडीत गुंडाळून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी नळाच्या पाण्याची बाटली स्वच्छ राहिली होती आणि वर्गातील रांजणाची मात्र काजळासारखी काळी पडली होती. पाणी एकच, मग हा फरक कशाने, यावर मुलांनी तासभर वाद घातला आणि शेवटी हात बुडवून पेला भरण्याच्या सवयीपाशी येऊन थांबली. त्याच आठवड्यात रांजणावर ओगराळे आले. हात धुण्याविषयी मी दहा वर्षे दिलेल्या व्याख्यानांनी एवढे साधले नव्हते, हे कबूल करायला हवे.

मात्र वापरलेल्या बाटलीचे पुढे काय करायचे, याविषयी मार्गदर्शिकेत एक ओळही नाही. बाटलीत जंतू वाढवलेले असतात, ती तशीच कचऱ्यात टाकणे धोक्याचे आहे. आम्ही ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणून निर्जंतुकीकरण केले. काही भूजलात मुळातच सल्फाइड असते आणि तेथे जंतू नसतानाही पाणी काळे पडू शकते, ही सूचनाही द्यायला हवी होती.

कार्यपुस्तिकेने निराशा केली. शॉवरखाली कमी वेळ थांबा, असा उपदेश ज्या जिल्ह्यात 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील मुलांना करण्यात काय अर्थ आहे? ते पान सोडून आम्ही प्रत्येकाला आपल्या घरात रोज किती घागरी पाणी येते ते मोजायला लावले आणि आलेला आकडा जल जीवन मिशनच्या माणशी रोज 55 लिटर या प्रमाणाशी ताडून पाहिला. गणिताचा तासही त्यातच झाला.

आहाराच्या तक्त्यांत ब्रोकोली आणि ओट्स आहेत. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, हुलगा यांपैकी काहीच नाही. उच्च प्राथमिकच्या मुलाला शालेय पोषण आहारातून 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने मिळणे अपेक्षित आहे, या आधारावर रोजची खिचडीच शिकवण्याचे साधन झाली असती. मासिक पाळीवरील दोन पाने नेटकी आहेत.

पुरवठादाराची सेवा ठीकठाक आहे: फुटलेल्या चार बाटल्या त्याने बदलून दिल्या, पण त्यासाठी दीड महिना लावला. शाळा व्यवस्थापन समितीने यंदा संच नव्याने न घेता केवळ बाटल्या मागवायच्या ठरवले आहे.