गिअर अडतोय: क्लच, ऑइल की गिअरबॉक्स?

गेल्या पावसाळ्यात बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला थांबलो होतो. रेल्वे गेली, गेट वर झालं आणि माझा पहिला गिअर काही पडेना. मागून हॉर्न सुरू. शेवटी इंजिन बंद केलं, गिअर टाकला, क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारला. गाडीनं पुढं हिसका दिला. खरं तर त्या हिसक्यातच दुखणं कळायला हवं होतं, पण त्या वेळी मला घाम पुसायचं सुचत होतं.

त्याच महिन्यात निपाणीहून दाजींचा फोन: "माझा दुसरा लई करकरतोय." दोघांची तक्रार एकच, "गिअर खराब". उपाय मात्र वेगळे निघाले आणि बिलात तर जमीन-अस्मानाचा फरक. तुमचीही गाडी अशीच अडत असेल आणि कुणी सरळ "क्लच सेट टाकू या", म्हणजे प्लेट-बेअरिंगसकट अख्खा क्लच बदलू या, म्हणत असेल, तर आधी या दोन गाड्या शेजारी शेजारी लावून बघा.

माझी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. सर्व्हिस सेंटरनं चावी फिरवण्याआधीच क्लच सेटचा अंदाज हातात ठेवला. मी गाडी उद्यमबागेकडच्या एका मेकॅनिक मामांकडं नेली. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हणाले, "इंजिन बंद करा बघू, आन् सगळे गिअर टाका." पाचही गिअर आणि रिव्हर्स लोण्यासारखे पडले. "आता चालू करा." पहिला अडला, रिव्हर्सला कर्र झालं. "गिअरबॉक्सला हात लावायचा न्हाई. क्लच सुटंना झालाय तुमचा."

सगळ्या निदानाचं मूळ इथं आहे. इंजिन बंद असताना गिअर मऊ पडतात आणि चालू असताना अडतात, म्हणजे पेडल तळाला नेलं तरी क्लच इंजिनपासून पूर्ण सुटत नाही. गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो आणि गिअर बसत नाही. बंद इंजिनवरही अडत असतील, तर दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या केबल, बुश, लिंकेज आधी बघायचं. तिथंही काही नसेल तर मग आतलं काम. आणि एकच गिअर, तोही चालत्या गाडीत करकरत असेल, तर बोट त्या गिअरच्या सिंक्रो रिंगकडं, म्हणजे गिअर बसण्याआधी वेग जुळवणाऱ्या पितळी कड्याकडं जातं. एक पथ्य पाळा: रिव्हर्सची परीक्षा घेताना क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, घाई केली तर धडधाकट गाडीही कर्र करते.

माझ्या गाडीचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे पेडलचा जोर केबलऐवजी फ्लुइडच्या दाबानं पोचवणारा. मामांनी क्लच ढकलणाऱ्या खालच्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर बाजूला केलं, तर आत ओल. बोट लावून दाखवलं, काळपट, बुळबुळीत. रबर गेल्यामुळं फ्लुइड झिरपत होतं, हवा शिरली होती आणि पेडलचा अर्धा जोर वाया जात होता. सिलिंडर बदलला, एअर काढली, ताजं डॉट 4 फ्लुइड भरलं. मजुरीसकट 2,300 रुपये. सेंटरचा अंदाज याच्या पाचपट होता. हे फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळं दोन वर्षांनी बदलावं. आमच्याकडचा चार महिन्यांचा पाऊस बघता मी तरी त्यात कंजूषी करणार नाही. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची फ्लुइडची बाटली एकच असते. पातळी उतरत असेल तर केवळ गिअरचा त्रास म्हणून सोडून देऊ नका.

अल्टोसारख्या छोट्या गाडीला केबल असते. तिथं आधी केबलचा ताण बघायचा, तुटायला आलेली असेल तर बदलायची. काम स्वस्तातलं. हसू नका, पण पेडलखालचं जाड मॅटही बघा. दुमडून वर आलं की पेडल तळाला जातच नाही. मामांकडं एक गाडी निव्वळ मॅट काढून बरी झालेली मी डोळ्यांनी पाहिली.

आता दाजींची डिझेल सेडान. निपाणी, चिकोडी, संकेश्वर हा त्यांचा रोजचा फेरा. ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरमागं पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत जायचं आणि तवंदी घाटात हाफ क्लचवर लोंबकळायचं. त्यांचा गिअर थांबलेल्या गाडीत छान पडायचा. तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना मात्र करकर. तरी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी क्लच सेट बदलला. 14,000 गेले, करकर जशीच्या तशी.

क्लच सेट खरंच केव्हा लागतो, ते यावरून बघा. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, चढावर जळका वास येतो, पेडल अगदी वर आल्यावर गाडी धरते. हे क्लच घसरण्याचं लक्षण. माझं दुखणं क्लच न सुटण्याचं होतं, म्हणजे नेमकं उलटं. दाजींचं तर दोन्हींतलं नव्हतं.

गिअरमधल्या पितळी सिंक्रो रिंगचं काम घासून वेग जुळवण्याचं. 1928 साली कॅडिलॅकनं गाडीत सिंक्रो आणला. त्याआधी ड्रायव्हरनंच क्लच दोनदा मारून वेग जुळवायचा, आणि जुन्या ट्रकवाल्यांच्या पायात ती सवय कित्येक वर्षं होती. रिंग झिजली की गिअरचे दात एकमेकांवर आपटतात. तीच करकर.

रिंग झिजली असं ठरवण्याआधी ऑइल. थंडीत सकाळी दुसरा अडतो आणि पाच-सात किलोमीटरनंतर सुरळीत होतो, असं असेल तर पहिला पैसा गिअर ऑइलवर घाला. दोन लिटरच्या आसपास लागतं, खर्च सगळ्यांत कमी. पण ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलीय तीच. पुस्तकात जीएल-4 असताना दुकानदार "जीएल-5 भारी असतंय" म्हणाला तरी घेऊ नका. जीएल-5 मधली गंधक-फॉस्फरसची रसायनं काही वेळा पितळेला खातात, शिवाय ते जास्त निसरडं असल्यानं रिंगला पकड मिळत नाही. आणि मेकॅनिकला सांगा, आधी भरायचा नट सुटतोय का ते बघ, मगच खालचा काढ. उलट केलं आणि वरचा गंजून बसला असेल, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी रॅम्पवरच राहते.

दाजींचं जुनं ऑइल वर्तमानपत्रावर ओतलं. उन्हात धरल्यावर त्यात सोनेरी चमक तरंगत होती. ड्रेन नटच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असणं साधी झीज आहे. पितळेची एवढी चमक म्हणजे रिंग गेल्यात जमा, आणि लोखंडाचे तुकडे निघाले तर प्रकरण त्याहून पुढं गेलेलं. नव्या ऑइलनं त्यांची करकर निम्म्यावर आली, गेली नाही.

त्यांच्यापुढं तीन वाटा उरल्या. तसंच चालवायचं, गिअरबॉक्स उघडायचा, की जुन्या बाजारातून दुसरा आणून बसवायचा. तसंच चालवणं वाटतं तेवढं मूर्खपणाचं नाही: उतरताना डबल क्लच मारला की करकर थांबते आणि वर्षभर तरी ढकलता येतं. फक्त जोर लावून गिअर कोंबायचा नाही, नाहीतर रिंगेबरोबर कॉलर (गिअर जोडणारं सरकतं कडं) आणि गिअरचे दातही जातात. गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येत असेल तर मात्र ही वाट बंद. आधी माउंटिंग आणि लिंकेज बघून घ्या, आणि ते ठीक असतील तर घाटात न जाता गाडी सरळ कामाला लावा.

जुना बॉक्स कोल्हापुरात स्वस्तात मिळत होता. मी नको म्हटलं. तो कुणी कसा चालवला, आत काय झिजलंय, हे बसवल्यावरच कळतं, आणि उतरवायची-चढवायची मजुरी पुन्हा आपल्याच डोक्यावर. आतले दोन-तीन गिअर मोडलेले असतील आणि सुट्या भागांची किंमत बॉक्सच्या वर जात असेल, तरच मी तिकडं वळेन. एका रिंगेसाठी नाही.

बॉक्स उघडायचाच असेल, तर एकदाच नीट उघडा. मजुरी उतरवण्याची आहे, ती एक रिंग बदला की चार, तेवढीच. दाजींनी दुसऱ्या-तिसऱ्याच्या रिंगा, कॉलर, आवाज करणारं एक बेरिंग आणि ऑइल सील एकदम बदलले. क्लच सेट नवाच होता, एवढंच त्या 14,000 चं सार्थक. हेच काम आधी केलं असतं, तर उतरवायची मजुरी एकदाच गेली असती.

कुठं करावं, याबद्दल माझं मत थोडं एकतर्फी आहे. वॉरंटीतली गाडी कंपनीकडंच न्यावी, त्यात वादच नको. वॉरंटी संपली असेल तर ऑइल, केबल, सिलिंडर ही कामं आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडं. गिअरबॉक्स उघडायला मात्र जो रोज बॉक्सच उतरवतो, असाच माणूस शोधा, मग तो बेळगावातला असो की कोल्हापूरचा. "सगळं करतो" म्हणणाऱ्याकडं नको. आणि काढलेले भाग परत मागा. दाजींची झिजलेली रिंग त्यांच्या कपाटात किल्ल्यांच्या डब्यात पडलीय. नव्या रिंगेवर बोट फिरवलं की बारीक खाचा लागतात. या रिंगेवर बोट सरळ घसरतं.