फेसबुक, व्हॉट्सॲप की सिग्नल? आपल्या वयात खाजगीपण कुठे राहतं

माझ्या वयाच्या मैत्रिणींशी सोशल मीडियाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं, "नको गं बाई, आपलं सगळं बाहेर जातं." मी 68 वर्षांची आहे आणि ही भीती मला खोटी वाटत नाही. पण 'बाहेर' म्हणजे कुणाकडे, हे आपण विचारत नाही आणि निवड करताना तिथेच फसतो. माहिती कंपनीकडे जाऊ शकते, अनोळखी माणसांकडे जाऊ शकते (त्यांत चोर आलेच), आणि ओळखीच्यांकडेही, म्हणजे नातेवाइक, शेजारी, अगदी पोटची मुलंसुद्धा. एखादं ॲप कंपनीपासून चांगलं राखतं, पण अनोळखी माणसापुढे आपला फोन नंबर उघडा ठेवतं. म्हणून आपल्याला नेमकं कुणाला दूर ठेवायचंय हे आधी ठरवावं आणि मग ॲप निवडावं.

फेसबुक

2004 साली सुरू झालेल्या फेसबुकचा जीव आजही माणसं शोधण्यातच आहे. पन्नास वर्षांपूर्वीची वर्गमैत्रीण सापडायची तर ती इथेच. व्हॉट्सॲपवर तिचा नंबर आधीच हवा, तो नसेल तर शोध संपला. मात्र दुसऱ्याला सापडायचं तर आपण दिसावं लागतं, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

आपल्यातल्या कितीतरी जणी जुन्या मैत्रिणींनी ओळखावं म्हणून प्रोफाइलवर माहेरचं आडनावही लिहितात. आता 'आईचं माहेरचं आडनाव काय?' हा बँकांचा आणि ईमेल खात्यांचा जुना सुरक्षा प्रश्न आहे. आपल्या मुलांच्या खात्याचं उत्तर आपणच जगाला वाचायला ठेवलेलं असतं! त्यात मुलांची नावं 'कुटुंब' या भागात जोडलेली असतील तर कुणाचं खातं, हेही शोधावं लागत नाही. माहेरचं नाव काढून टाका असं मी म्हणणार नाही. ते आपलं आहे, आणि त्या नावानेच माणसं परत भेटतात. पण जन्मतारीख, नाती आणि फ्रेंड लिस्ट या तीन गोष्टी 'ओन्ली मी' करून ठेवा आणि मुलांना तो सुरक्षा प्रश्न बदलायला सांगा.

फ्रेंड लिस्ट लपवण्याचं आणखी एक कारण आहे. आपलं नाव आणि फोटो उचलून कुणीतरी हुबेहूब दुसरं खातं उघडतो, आपल्याच यादीतल्या लोकांना रिक्वेस्ट पाठवतो आणि दोन दिवसांनी 'अडचणीत आहे, पैसे पाठव' म्हणतो. यादीच दिसली नाही तर त्याला कुणाला गाठायचं ते कळत नाही.

कंपनीच्या बाबतीत फेसबुकचा इतिहास चांगला नाही. 2018 मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. त्यात 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची माहिती त्यांना न विचारता वापरली गेल्याची शक्यता कंपनीनेच मान्य केली. 2019 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने) फेसबुकला 5 अब्ज डॉलरचा दंड केला. 2021 मध्ये 53 कोटींहून अधिक खात्यांची माहिती फोन नंबरांसकट इंटरनेटवर उघडी पडलेली सापडली. म्हणून मी फेसबुकवर काही टाकताना ते चारचौघांत मोठ्याने बोलण्यासारखं आहे असं धरूनच टाकते. वर्षानुवर्षं 'पब्लिक' पडून राहिलेल्या जुन्या पोस्ट 'लिमिट पास्ट पोस्ट्स' या एका बटणाने फक्त मित्रांपुरत्या होतात, तेवढं आजच करून टाका.

एका बाबतीत मात्र फेसबुक पुढे आहे. आपल्या पश्चात खातं कुणी सांभाळायचं हे 'लेगसी काँटॅक्ट' म्हणून आपण हयातीतच ठरवू शकतो. ही सोय 2015 पासून आहे. त्या व्यक्तीला आपले खाजगी मेसेज वाचता येत नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

व्हॉट्सॲप

'व्हॉट्सॲपवाले आपलं बोलणं वाचतात' ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. घरच्या माणसांशी होणाऱ्या बोलण्यापुरती ती चुकीची आहे. 2016 पासून इथले वैयक्तिक मेसेज आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. आपल्या फोनमधून निघालेला मजकूर कुलूपबंद जातो आणि समोरच्याच्या फोनमध्येच उघडतो. कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोललं ही माहिती मात्र या कुलपाच्या बाहेर राहते. 2014 पासून व्हॉट्सॲपची मालकी फेसबुकच्याच कंपनीकडे आहे, हेही ध्यानात असू द्या. आणि चॅटचा क्लाउडवरचा बॅकअप (म्हणजे इंटरनेटवर साठवलेली प्रत) आपोआप कुलूपबंद होत नाही. ते एन्क्रिप्शन सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळं सुरू करावं लागतं.

आपल्या वयाच्या माणसाला इथे खरा त्रास होतो तो ग्रुपमध्ये. कुणीतरी दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये टाकतं आणि त्या क्षणी आपला फोन नंबर दोनशे जणांना दिसू लागतो. त्यांतल्या दहांनाही आपण ओळखत नसतो. 'प्रायव्हसी'मध्ये 'ग्रुप्स' उघडून 'माय काँटॅक्ट्स' निवडलं की अनोळखी माणूस परस्पर ग्रुपमध्ये टाकू शकत नाही. प्रोफाइल फोटो आणि लास्ट सीनही तसंच ठेवा. एकटं राहणाऱ्या माणसाने आपण कधी जागे असतो आणि कधी नसतो हे सगळ्यांना का दाखवावं? अनोळखी नंबरांचे कॉल गप्प करण्याची सोय 2023 मध्ये आली, तीही चालू करा.

फसवणुकीची ठरलेली चाल अशी: 'चुकून तुमच्याकडे सहा आकडी कोड आलाय, जरा पाठवता का?' मेसेज ओळखीच्या नंबरावरून येतो, कारण त्यांचं खातं आधीच गेलेलं असतं. कोड दिला की आपलंही जातं. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे आपणच ठरवलेला जादा पिन लावलेला असेल तर नुसत्या कोडवर खातं जात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणी स्क्रीन शेअर करायला सांगितलं तर कॉल तिथेच बंद करा. आपल्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी त्याला वाचता येतो. घाबरवणाऱ्या आवाजापुढे आपण गोंधळतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. शिकलेली, नोकरी करणारी तरुण माणसंही त्यात अडकतात.

सिग्नल, आणि थोडं टेलिग्राम

कंपनीला शक्य तितकं कमी कळावं ही आपली मुख्य इच्छा असेल तर सिग्नलच्या जवळपास यातलं कुणी येत नाही. हे व्हॉट्सॲपसारखंच मेसेज आणि कॉलचं ॲप, पण ते नफ्यासाठी नसलेल्या संस्थेचं आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. 2016 मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीकडून (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडून) एका चौकशीसाठी माहितीची मागणी आली, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. 2024 पासून आपला नंबरही इथे समोरच्याला आपोआप दिसत नाही.

अडचण साधी आहे. ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं तिथे नसतात. शिवाय बॅकअप आधीच घेऊन ठेवला नसेल तर फोन हरवल्यावर जुने मेसेज आणि फोटो गेले म्हणून समजा. नातवंडाचा पहिला व्हॉइस मेसेज जपून ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा. तरीही भावंडं किंवा दोन मैत्रिणी तयार असतील आणि आजारपण, पैसा, घरातले वाद असं बोलायचं असेल, तर त्यासाठी मी सिग्नलच सुचवीन.

टेलिग्राम हे मेसेजचंच आणखी एक ॲप 'गुप्त' म्हणून ओळखलं जातं, पण त्यावरच्या साध्या चॅट आणि सगळे ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. फक्त वेगळी सुरू केलेली 'सीक्रेट चॅट' तशी कुलूपबंद असते. आपल्या कामासाठी मला ते घ्यावंसं वाटत नाही.

घरातलीच नजर

यावर कुणी फारसं बोलत नाही. आपलं खातं बहुतेक वेळा मुलगा, सून किंवा नात उघडून देते. पासवर्ड त्यांच्याकडे, पिन त्यांच्याकडे, आणि कधी कधी आपलं व्हॉट्सॲप त्यांच्या लॅपटॉपवरही जोडलेलं राहतं. मग आपण बहिणीला लिहिलेलं दुःख किंवा डॉक्टरांना विचारलेला नाजूक प्रश्न तिसरं कुणीतरी वाचू शकतं. हेतू प्रेमाचाच असतो, तरी म्हाताऱ्या माणसालाही स्वतःचं म्हणून काही असतं आणि ते मागायला संकोच वाटायचं कारण नाही. मदत घ्या, पण पासवर्ड आणि पिन स्वतः टाका. आठवणार नाही असं वाटलं तर कागदावर लिहून कपाटात ठेवा. कपाटातला कागद दूर बसलेल्या भामट्याच्या हाती लागत नाही. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये आपण न ओळखलेलं काही दिसलं तर 'लॉग आउट' दाबा.

या बाबतीत तिन्ही ॲप सारखीच आहेत. सिग्नलचं कितीही भक्कम कुलूप असलं तरी उघडा फोन हातात असलेल्या माणसाला ते अडवत नाही. फोनलाच पिन हवा.

कुठेच नसलो तर?

तोही निर्णय योग्य असू शकतो, आणि त्यासाठी कुणी टोमणे मारू नयेत. फक्त त्याने सगळं झाकलं जातं असं नाही. नातेवाइक आपले फोटो टाकतातच, आणि त्यांनी फोनमधली नावांची यादी ॲपला दिली की आपला नंबरही त्यासोबत जातो. त्यामुळे बाहेर राहणाऱ्यानेही 'माझा फोटो टाकण्याआधी विचार' एवढं घरात सांगून ठेवावं.

माझ्यापुरतं सांगायचं तर रोजचं बोलणं व्हॉट्सॲपवर होतं, वर सांगितलेली सगळी सेटिंग्ज लावून. फेसबुकवर मी महिन्यातून दोनदा जुन्या मैत्रिणींसाठी डोकावते आणि तिथे माझा फोटो नाही. सिग्नलवर माझ्या धाकट्या बहिणीशिवाय कुणी नाही. आमचं खरं बोलणं तिथेच होतं, आणि महिना उलटला की ते आपोआप पुसलं जाईल असं आम्ही दोघींनी ठरवून ठेवलंय.