एचसी-०५ म्हणून गळ्यात मारलेलं मॉड्यूल

शाळेतल्या मुलांच्या रोबोटसाठी मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूलची, म्हणजे वायरीशिवाय माहिती पाठवणाऱ्या छोट्या पाट्यांची, जोडी आणली. दोन नगांचे ७०० रुपये. काउंटरवरच्या माणसाने एक मॉड्यूल लगेच जोडून दाखवलं. माझ्या फोनवर 'एचसी-०५' असं नाव आलं, १२३४ पिन टाकला, पेअर झालं. "बघा सर, चालू आहे ना?" मी बिलही न मागता नाशिकची गाडी पकडली.

रोबोटवरच्या आर्डुइनोने (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) बॅटरीचं व्होल्टेज आणि दोन्ही चाकं किती फिरली हे मोजणाऱ्या एन्कोडरचे आकडे पाठवायचे, आणि शाळेतल्या कॉम्प्युटरला जोडलेल्या दुसऱ्या आर्डुइनोने ते घ्यायचे, असा आमचा बेत होता. त्या जुन्या कॉम्प्युटरला ब्लूटूथ नाही, म्हणून जोडी. जोडीतलं एक मास्टर, म्हणजे स्वतःहून दुसऱ्याला शोधून जोडणारं, लागतंच. स्लेव्ह नुसतं कुणी जोडायची वाट बघतं, म्हणून दोन स्लेव्ह एकमेकांना शोधत नाहीत. एचसी-०५ मास्टर होतं, एचसी-०६ होत नाही. ०५ मागितलं ते एवढ्याचसाठी.

मास्टर करायला बटण दाबून धरून वीज द्यायची. दिवा दोन-दोन सेकंदांनी सावकाश लुकलुकू लागला की एटी मोड, म्हणजे मॉड्यूलची सेटिंग बदलायची अवस्था, सुरू झाला; मग ३८४०० बॉड रेटवर (माहिती पाठवण्याचा वेग) कमांड द्यायच्या. आमचा दिवा भराभर लुकलुकतच राहिला. 'एटी' लिहिलं तरी 'ओके' येईना. वायरी बदलल्या, आर्डुइनो बदलला, दुसरं मॉड्यूल लावलं. चार दिवस गेले. कोड लिहिणारी नववीतली मुलगी तो तीनदा पहिल्यापासून लिहून बसली. चूक आपलीच आहे असं तिने मनाशी धरलं होतं. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे.

शेवटी बटण सोडून दिलं आणि साध्या ९६०० बॉड रेटवर 'एटी+व्हर्जन' पाठवलं. उत्तरात नाव आलं जेडीवाय-३१. हे फक्त स्लेव्ह म्हणून चालणारं, वेगळंच मॉड्यूल. कुणीतरी त्याचं नाव बदलून 'एचसी-०५' ठेवलं होतं. नाव बदलायला एक कमांड पुरते. मॉड्यूलवरचं बटण नुसतं दिखाव्याचं. भिंगाखाली पाहिलं तर एकच चिप. जुन्या एचसी-०५ वर सीएसआर कंपनीची चौकोनी चिप आणि शेजारी वेगळी फ्लॅश मेमरी असते.

दुकानात फोन केला. "सर, तुम्ही आरएक्सला थेट पाच व्होल्ट दिले असणार, उडालं ते." आरएक्स, म्हणजे मॉड्यूलची माहिती घेणारी पिन, ३.३ व्होल्टची असते हे मुलांना ठाऊक होतं. १ के आणि २ के रेझिस्टरचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर त्यांनी पहिल्याच दिवशी लावला होता. आणि उडालेलं मॉड्यूल स्वतःचं खरं नाव कसं सांगेल? पुढे त्यांनी फोन उचलला नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, पण माझ्या हातात बिलच नव्हतं.

म्हणून सांगतो, फोनवर पेअर झालं यावर विसंबू नका. स्लेव्हही तसंच पेअर होतं. काउंटरवरच बटण दाबून एटी मोड लावायला सांगा, 'एटी+रोल=१' या मास्टर करणाऱ्या कमांडला 'ओके' येतं का ते डोळ्यांनी बघा, आणि बिलावर 'एचसी-०५' असं लिहून घ्या. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर तिथून निघा.

नवी जोडी मी अशीच तपासून आणली. बांधणी त्याच मुलीने केली. मास्टरला स्लेव्हचा पत्ता देऊन वीज लावली आणि बॅटरीचा पहिला आकडा कॉम्प्युटरवर उमटला, ७.४.