घरच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आणि कळीचा चुना: सोलापुरातील खरेदीचा अनुभव

नान्नजला आमची सोनाका द्राक्षांची बाग आहे. गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) होताच ओलांड्यांवर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारण्याचा आमचा नेम असून, त्यासाठी यंदा मोरचूद आणि कळीचा चुना सोलापुरात बाजार समितीजवळच्या एका कृषी सेवा केंद्रातून आणला. मोरचुदाचे खडे गर्द निळे आणि कोरडे होते. चुन्याचे ढेकूळ पाण्यात टाकताच तडकले आणि पिंपाला हात लावता येईना, इतके पाणी तापले. गेल्या हंगामात दुसऱ्या दुकानातून घेतलेला चुना हवेने आधीच विरलेला होता, मिश्रण आम्लधर्मी राहिले आणि कोवळी पाने करपली, म्हणून या उष्णतेचे मोल आम्हाला अधिक वाटते.

या मिश्रणामागे पिएर मारी अलेक्सी मियार्दे (1838–1902) या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाची नजर आहे. 1876 पासून ते बोर्डो येथे प्राध्यापक होते आणि 1878 मध्ये अमेरिकेतून आलेला केवडा हा द्राक्षवेलींचा रोग फ्रान्सच्या बागांत दिसू लागला होता. 1882 च्या ऑक्टोबरमध्ये मेदोक भागातील सँ-ज्युलियँ येथे त्यांना दिसले, की इतर वेलींची पाने गळाली असताना रस्त्याकडेच्या वेलींची पाने मात्र शाबूत आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून बागायतदारांनी त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता! मियार्दे यांनी ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून दिली नाही. रसायनशास्त्रज्ञ युलिस गायों यांच्या साथीने प्रयोग करून त्यांनी 1885 मध्ये कृती प्रसिद्ध केली. मोरचुदातले तांबे रोगाचे बीजाणू पानात शिरण्यापूर्वीच मारते, पानात शिरलेल्या रोगाला ते बरे करत नाही. म्हणूनच फवारणी डाग दिसण्याआधी झाली पाहिजे.

आम्ही एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना प्रत्येकी पन्नास लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या पिंपांत विरघळवतो व दोन्ही पाणी तिसऱ्या पिंपात एकदम ओततो. त्यात घासलेला लोखंडी विळा बुडवून पाहिला, त्यावर तांबूस थर आला नाही, म्हणजे मिश्रण आम्लधर्मी राहिले नाही हे कळले, तेव्हाच फवारा सुरू केला आणि मिश्रण त्याच दिवशी संपवले.

तक्रार एकच आहे. चुना कागदी पिशवीत सुटा मिळतो. दुकानदाराने तो झाकणाच्या डब्यात द्यावा, तोवर गिऱ्हाइकाने डबा सोबत न्यावा.