म्हापशाच्या बाजारातील तयार चाळिशी : सहा महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीसाठी आईला घेऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो असताना, सोले आणि सुक्या मिरच्यांच्या ओळीपलीकडे चष्मे मांडून बसलेल्या एका विक्रेत्याकडून आम्ही १८० रुपयांना तयार चाळिशी घेतली. सहा महिने ती रोज वापरात आहे.

आईचे वय ६३. तारल्याचे काटे बोटांनी चाचपून काढणे आणि तरीही नातवाच्या ताटात मासा वाढताना कचरणे, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख माझ्याकडून वाचून घेणे, असे तिचे दोन वर्षे चालले होते. तिने त्याविषयी कधी तक्रार केली नाही आणि मीही विचारले नाही, ही गोष्ट मला आता फार लागते.

चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील नैसर्गिक भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे पाहण्यासाठी त्याला जेवढे फुगावे लागते तेवढे फुगता येत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे साधे बहिर्गोल भिंग. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार, योग्य चष्म्याअभावी जवळचे नीट न दिसणाऱ्यांची संख्या जगभरात ८२ कोटींहून अधिक आहे. आसामातील चहामळ्यांत चाळिशी उलटलेल्या कामगारांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चष्मा मिळालेल्यांची पानखुडी, तो न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढल्याचे आढळले. आमच्या वाड्यावरच्या दुकानात मोबाइलचे रिचार्ज मिळते, चाळिशी मिळत नाही. ती मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

नंबर निवडताना विक्रेत्याने घाई केली नाही. आईने पिशवीतून रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट काढले. +२.०० च्या चष्म्यातून अक्षरे दिसली, पण हात लांब करावा लागला, +३.०० ने पाकीट नाकाशी आणावे लागले; +२.५० ने मात्र कोपर सहज दुमडून, विळीवर बसल्यावर मासळी जेवढ्या अंतरावर असते तेवढ्यावर, तारीख स्वच्छ वाचता आली. नंबर वयावरून सांगून मोकळे होण्यापेक्षा ही रीत खूपच चांगली.

पहिला चष्मा आम्ही परत केला, कारण तो हातभर अंतरावर धरून हलवताना त्यातून दिसणारी फळीची सरळ कड डाव्या काचेत वाकत होती. घेताना ही परीक्षा प्रत्येकाने करावी. दुसरा चष्मा निर्दोष निघाला. चौथ्या महिन्यात मात्र एका काडीचा स्क्रू सैल झाला, आणि पदराने पुसल्यामुळे प्लॅस्टिकच्या भिंगावर बारीक ओरखडे उठले आहेत. या किमतीत मला ते खटकत नाही, पण सोबत चष्म्याचे घर द्यायला हवे होते.

तयार चाळिशीत दोन्ही भिंगांचा नंबर सारखाच असतो. ज्यांच्या डोळ्यांत फरक आहे किंवा ज्यांना तिरकस नंबर आहे, त्यांना ती पुरत नाही. सप्टेंबरात आई म्हणू लागली की चष्मा कमी पडतो, आता +३.०० आणूया. मी तिला नेत्रतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात असल्याचे कळले. बाजारातून नुसता नंबर वाढवून आणला असता तर हे कळायला किती उशीर झाला असता, याचा विचार करून आजही जीव घाबरतो. आपल्या गोव्याने तर हे विशेष मनावर घ्यावे : २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण येथे २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक, आढळले. मधुमेहाने डोळ्याच्या आतल्या पडद्यावर होणारा परिणाम कोणत्याही चाळिशीने कळत नाही की बरा होत नाही. म्हणून चष्मा बाजारातून जरूर घ्यावा आणि तपासणीही त्याच महिन्यात करून घ्यावी.

नेत्रतज्ज्ञांनी सध्या +२.५० च ठेवायला सांगितले आहे. गेल्या शुक्रवारी त्याच विक्रेत्याकडून त्याच नंबरची दुसरी चाळिशी आणली. ती देवघरात पोथीजवळ असते आणि जुनी, ओरखड्यांची, चुलीपाशी.