आठ महिने वायरलेस माईकवर लेक्चर रेकॉर्ड केल्यानंतर: आवाज उत्तम, पण ते म्यूटचं बटण!

मंगळवारी एन्ट्रॉपीचं (थर्मोडायनॅमिक्समधली राशी) लेक्चर घेतलं, ५० मिनिटांचं, अगदी मनासारखं झालं होतं. संध्याकाळी फाईल लावून बघते तर १७व्या मिनिटापासून पुढे काहीच ऐकू येत नाही. व्हिडिओत मी बोलतेय, हात हलतायत, फळा भरत चाललाय, आणि आवाज शून्य. त्या रागातच हे लिहायला बसलेय.

सेट नेहमीचाच प्रकार, दोन ट्रान्समीटर (कपड्यावर लावायचे छोटे माईक), एक रिसीव्हर (त्यांचा आवाज घेऊन लॅपटॉपला देणारा), २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात चालणारा. ट्रान्समीटरच्या वरच्या कडेला एकच बटण आहे. दाबून धरलं की बंद-चालू, नुसतं टेकलं तरी म्यूट. माईक कॉलरच्या जरा खाली लावायचा, हनुवटीपासून वीतभर, आणि गळ्यातलं आयकार्ड हलून नेमकं तिथेच आपटतं. म्यूट झालं की हिरवा दिवा लुकलुकायला लागतो, पण तो दिवा समोरच्या बाजूला, म्हणजे वर्गाला दिसतो आणि ज्याने माईक लावलाय त्याला दिसत नाही! रिसीव्हरच्या स्क्रीनवर खूण येते हे खरं, पण रिसीव्हर लॅपटॉपला जोडलेला आणि मी फळ्याकडे तोंड करून. आठ महिन्यांत हे चौथ्यांदा झालं.

सर्व्हिसवाल्यांना तीन मेल केले, फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. उत्तर काय तर 'उपकरण व्यवस्थित आहे, बटण डिझाईनप्रमाणे काम करत आहे'. मग म्हणे फर्मवेअर, म्हणजे माईकच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. केलं. बटण लॉक करायची सोय त्यातही नाही. अहो, एक साधं सेटिंग द्यायला काय जातं? आता प्लास्टिकच्या झाकणाचा तुकडा कापून बटणावर चिकटवलाय आणि टेबलावर मोबाईलचं व्हॉइस रेकॉर्डर वेगळं चालू ठेवते. हे आधी चालू केलं असतं तर मंगळवार वाचला असता.

बाकी आवाजाला मात्र नाव ठेवायला जागा नाही. सुरुवातीला मधेच आवाज तुटायचा, कारण वायफाय, ब्लूटूथ सगळे याच २.४ च्या पट्ट्यात आणि मी वळले की माझं अंगच मधे येतं. रिसीव्हर लॅपटॉपमागून काढून लांब केबलने उंचावर, माझ्या समोर येईल असा ठेवला, मग थांबलं. नॉइज कॅन्सलिंग बंदच ठेवा, खडूचा आवाज जातो पण शब्दांची शेपटंही खाऊन टाकतं. लेव्हल जोरात बोलतानाही उणे १२ डीबीच्या आसपास राहील अशी लावा, म्हणजे अचानक आवाज चढला तरी फाटत नाही. आणि ओबीएसमध्ये (लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) रेकॉर्ड करताना फाईल एमकेव्ही प्रकारात घ्या, नंतर एमपीफोर करा. साध्या एमपीफोरची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, मधेच लॅपटॉप बंद पडला तर अख्खी फाईल उघडत नाही.

आता मत बदललं ते सांगते. पहिले दोन महिने मी सगळा जीव कॅमेऱ्यात घातला होता, फळा स्पष्ट दिसतोय ना, लाईट बरोबर आहे ना. ५ एमबीपीएसने एक लेक्चर जवळजवळ १.९ जीबी. मग एकदा वर्गात विचारलं तर मुलं म्हणाली, "मॅडम, आम्ही बघत नाही, नुसतं ऐकतो, येता-जाता." म्हणून ६४ केबीपीएस मोनो ऑडिओ वेगळा टाकायला लागले, २४ एमबीत काम होतं. फळ्याचे फोटो सोबत. फोटो असले तर चित्राची उणीव फार भासत नाही.

पण मग स्वतःचा ऑडिओ ऐकला आणि धक्का बसला. "हे भागिले हे, मग हे इकडे आलं, ते तिकडे गेलं." नुसतं ऐकणाऱ्याला यातून काय कळणार? आता एन्ट्रॉपीतल्या बदलाचं सूत्र तोंडाने पूर्ण म्हणते, 'रिव्हर्सिबल (म्हणजे उलट फिरवता येणाऱ्या प्रक्रियेतली) उष्णता भागिले तापमान'. वर्गात एकाला लांबचं नीट दिसत नाही, त्याने दोन आठवड्यांनी येऊन सांगितलं की आता लेक्चर चालू असतानाच कळतं. माईक घेताना हे डोक्यातसुद्धा नव्हतं, आणि आठ महिन्यांतला सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो.

लेक्चरचे छोटे तुकडे करण्याबद्दल थोडं. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साईटवरच्या ६९ लाख व्हिडिओ सेशन्सचा अभ्यास आला होता, छोटे व्हिडिओ, सहा मिनिटांच्या आतले, जास्त टिकून बघितले जातात असा. ते वाचून मीही कापाकापी केली. पण वर्गातलं लांब लेक्चर नुसतं कापलं तर तितका उपयोग होत नाही हेही त्याच अभ्यासात आहे. आता अख्खं लेक्चर टाकते आणि कितव्या मिनिटाला काय आहे ते खाली लिहिते.

सबटायटल आपोआप येतात पण एकेक ओळ तपासावी लागते, एन्ट्रॉपीचं एन्थॅल्पी (ही वेगळीच राशी) झालं तर शिकणाऱ्याचं नुकसानच. एका मुलीला कमी ऐकू येतं, ती त्यावरच अवलंबून आहे. म्हणून त्या बटणाचा एवढा राग. आवाज गेला की सबटायटल गेलं, ऑडिओ फाईल गेली, मागे काहीच उरत नाही.

घ्यावा का? घ्या, पण बटणाला लॉक आहे का ते आधी बघा. आणि दुसरा ट्रान्समीटर मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवा, मात्र ज्याचा आवाज रेकॉर्ड होणार त्याला आधी विचारा. कोणी नको म्हणालं तर प्रश्न मीच परत म्हणते.

मंगळवारची ३३ मिनिटं काल रिकाम्या वर्गात परत रेकॉर्ड केली. पण त्यात एका मुलाचा प्रश्न गेला होता, वायू निर्वातात नुसता पसरतो तेव्हा उष्णता शून्य, मग एन्ट्रॉपी वाढते कशी? तो प्रश्न माझ्या तोंडून बरोबर येईना, म्हणून त्याला बोलावलं. तो आला, माईक हातात घेतला आणि या वेळी विचारलं, "मॅडम, मग रिव्हर्सिबल रस्ता आपण आपल्या मनानेच निवडायचा का?" त्यावर आम्ही वीस मिनिटं बोललो, आणि ते सगळं रेकॉर्ड झालंय.